तांत्रिक कारण आढळत नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्याच्यासोबत रोज डबा खातो त्या मित्राला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. सांगायला बसलो की मी आधी सर्व्हरबद्दल बोलायला लागतो. आताही तेच करणार आहे, मला माहीत आहे. पण या वेळी सर्व्हरवरून सरकत सरकत शेवटी त्या एका ओळीपर्यंत यायचंच, असं ठरवून बसलोय. एकच ओळ आहे हो. मीच लिहिलेली. चार शब्दांची.

मी अमरावतीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात संगणक विभाग सांभाळतो. दवाखाना धर्मादाय, जुना, आणि त्याची एक शाखा अकोल्याला. दोन्हीकडच्या पेशंटांच्या नोंदी अमरावतीच्या एका सर्व्हरवर. तो सर्व्हर म्हणजे काय, तर थंड खोलीत ठेवलेलं एक काळं कपाट. घरात आम्ही उन्हाळ्यात घामानं निथळायचो आणि तो मात्र एसीत. आई म्हणायची, "तुह्या त्या डब्ब्याचे लाड पाय, अन् आमाले साधा कूलर नाई." खरंच लाड होते. मला त्याच्याबद्दल पहिल्यापासून एक अचंबा वाटत आलाय. लाखभर माणसांचे डोळे त्या कपाटात आहेत — कुणाचा मोतीबिंदू, कुणाचा काचबिंदू, कुणाच्या पडद्याचे फोटो — आणि वीतभर पट्टीवर नाव टाइप केलं की हजर.

हजर — पण लगेच हजर होणं आणि थांबून हजर होणं यात फरक असतो, आणि माझी सगळी गोष्ट त्या फरकात आहे. नोंद डिस्कवर असते. कुणी मागितली की सर्व्हर ती डिस्कवरून उचलून मेमरीत आणतो आणि मग दाखवतो. आणायला वेळ लागतो. एकदा मेमरीत आली की दुसऱ्यांदा मागितल्यावर झटक्यात. आमचा सर्व्हर पहाटे बॅकअप झाला की नव्यानं सुरू व्हायचा, म्हणजे रोज सकाळी मेमरी कोरी. त्यामुळे सकाळी नऊ ते अकरा, नेमक्या गर्दीच्या वेळी, खिडकीवर स्क्रीनवरचं चक्र फिरत राहायचं. रांग दारापर्यंत. डॉक्टर फोनवर माझ्या नावानं शंख करायचे.

तुम्हांला वाटेल, दोन मिनिटांनी काय बिघडतं? खेड्यावरून आलेल्या म्हाताऱ्या माणसाचं बिघडतं. डोळ्यांत औषध टाकलं की त्याला दोन-तीन तास नीट दिसत नाही. तसं धूसर दिसत असताना त्याला परतीची गाडी पकडायची असते. सकाळी खिडकीवर अर्धा तास गेला की दुपारी गाडी जाते. मग मुक्काम.

यावर एक उपाय असतो, त्याला प्रीफेचिंग म्हणतात. मागण्याआधीच आणून ठेवणं. एक पान मागितलं की पुढची आठ-दहा पानंही लागतील असं धरून सर्व्हर ती सोबतच उचलून मेमरीत ठेवतो. कल्पना किती सुंदर आहे बघा — यंत्रानं तुमच्या मनातलं ओळखायचं! मी त्याच्यावर अक्षरशः लट्टू झालो. वरिष्ठांना सांगितलं, ही सोय चालू करतो, आणि नुसती चालू करत नाही — आधी एक आठवडा बंद ठेवून मोजतो, मग एक आठवडा चालू ठेवून मोजतो, आणि फरक आलेखात काढून दाखवतो. डिस्कवर किती वेळा जावं लागलं, किती नोंदी मेमरीतच सापडल्या, नोंद उघडायला किती वेळ लागला. शिस्तीत काम.

शिस्तीत! आता हसू येतं.

बंदचा आठवडा मोजला. आकडे वाईट आले, विशेषतः अकोल्याचे. फार वाईट. मग पुढच्या सोमवारी सकाळी सोय चालू केली आणि खुर्ची ओढून बसलो. पावणेआठला पडद्यावरच्या आलेखात अकोल्याची रेघ हलायला लागली. नऊ वाजता खिडकी उघडली आणि — काय सांगू तुम्हांला — नोंदी झटाझट उघडत होत्या. डिस्क जवळजवळ गप्प. मागितलेली नोंद आधीच मेमरीत, पुढची आधीच मेमरीत, त्यापुढचीही. माझ्या अंगावर काटा आला. सर्व्हरला कसं कळत होतं, की आता ही बाई येणार, मग हा बुवा? आठवडाभर तसंच. अमरावतीला फारसा फरक नव्हता, पण त्यासाठी मी अहवालात दोन वाक्यांचं स्पष्टीकरण ठोकून दिलं. अकोल्याचा आलेख मोठा करून पहिल्या पानावर लावला.

बैठकीत टाळ्या वाजल्या. विश्वस्तांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे मशीनले आधीच समजते का, कोन येनार हाये?" मी म्हणालो, "हो, तसंच काहीसं." केवढा फुगलो होतो मी! संगणक विभागाला तोवर प्रमुख असा नव्हताच. आता नेमायचा आणि तो मीच, अशी कुजबूज सुरू झाली.

मग एका गुरुवारी अकोल्याची रेघ कोसळली. सोय चालू, सगळं जसंच्या तसं, आणि आकडे पुन्हा त्या पहिल्या आठवड्यासारखे. शुक्रवारी सकाळी परत छान. मी चक्रावलो. सर्व्हरच्या नोंदवहीत कोण कधी शिरलं आणि काय उघडलं ते सगळं असतं. ती चाळली. रोज सकाळी पावणेआठ ते पावणेनऊ, अकोल्याच्या नोंदणी खिडकीवरून, एकच व्यक्ती दीड-दोनशे पेशंटांच्या नोंदी एकामागून एक उघडत होती आणि काहीही न लिहिता बंद करत होती. गुरुवारी ती व्यक्ती आलेली नव्हती. मागे गेलो. माझा तो बंदचा आठवडा पाहिला — त्या पूर्ण आठवड्यातही ती नव्हती.

तो आठवडा कोणता होता? महालक्ष्म्यांचा. भाद्रपदातल्या, गौरी म्हणतात त्या. आमच्या वऱ्हाडात ज्या घरी महालक्ष्म्या उभ्या राहतात त्या घरची बाई त्या आठवड्यात कुठल्या खिडकीवर असेल? पोरासोराला ठाऊक असलेली गोष्ट. माझ्या स्वतःच्या घरी महालक्ष्म्या असतात! मी दोन दिवस आंबील आणि पुरणपोळी चापून, ढेकर देत लॅपटॉपवर "बंदच्या आठवड्याचे" आकडे बघत होतो, आणि आकडे एवढे वाईट का आहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून पहाटेची गाडी धरून अकोल्याला गेलो. साडेसातला दवाखान्याच्या दारात. खिडकीमागे मंदाताई बसल्या होत्या — पन्नाशीच्या, काळीसावळी बाई, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. कागदी केसपेपरच्या काळापासून, वीस-बावीस वर्षं त्या खिडकीवर. मी त्यांना नावानं ओळखत होतो, तेही पासवर्ड विसरल्याच्या फोनमुळे. मी म्हटलं, तुमचं काम बघायला आलोय. त्यांनी स्टूल सरकवून दिलं आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढं केली. मग कामाला लागल्या.

त्या नोंदी उघडत होत्या. नाव टाकायचं, नोंद पूर्ण उघडेपर्यंत थांबायचं, बंद करायची, पुढचं नाव. समोर यादी नाही, वही नाही. मी विचारलं, हे कशासाठी?

"पयले आमी केसपेपर आदल्या दिवशी काढून ठेवत होतो सर. गावागावाचे गठ्ठे, रबर लावून. मानूस आला का कागद हातात. मंग हे कम्प्युटर आलं. आता कागद नाई त काय काढून ठेवाचं? पन मले दिसलं, का जे पेपर मी सकाळी एकडाव उघडून पायलं, ते मंग दिवसभर झटकन उघडते. तवा गरम झाला का दुसऱ्या भाकरीले टाइम लागत नाई, तसं. मंग म्हटलं, चाला, आपन याहीले बी काढून ठेवत जाऊ."

ज्याला आम्ही मेमरी गरम करणं म्हणतो, ज्याच्यावर मी चार वर्षं कॉलेजात शिकून, फी भरून, परीक्षा देऊन आलो होतो, ते या बाईनं खिडकीत बसून, नुसतं बघून बघून शोधलं होतं. तिला शिकवलं कुणी? आणि ते तरी एक वेळ सोडा. पण आज कोण येणार हे तिला कळत कसं होतं?

तेही विचारलं. मंदाताई हसल्या. तारीख दिलेली असते सर, पन तारखेवर कोन येते? मग त्या सांगत गेल्या आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत गेलो. ज्या गावचा बाजार, त्या दिवशी ते गाव येत नाही. एका शिबिरात ऑपरेशन झालेली माणसं एकत्रच येतात, एकाची तारीख पुढची असली तरी. तेल्हाऱ्याकडची गाडी अमुक दिवशी थेट येते, म्हणून त्या बाजूचे लोक त्या दिवशी. कापूस वेचणीला लागला की बाया येत नाहीत, म्हातारे एकटे येतात. एखादा माणूस मागच्या वेळी सोबत म्हणून आलेला असतो आणि जाता जाता "मले बी जरा धुकट दिसते" म्हणून गेलेला असतो — तो आज स्वतःसाठी येणार. एक नोंद उघडताना त्या म्हणाल्या, "हे आजी येईन आज. इची सून माहेरी होती, काल आली असन, आता घर पाहाले कोनी तरी झालं."

मी गंमत म्हणून वीस नावं एका कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतली. बारा वाजेपर्यंत त्यातली सतरा माणसं त्या खिडकीसमोर येऊन गेली. ती आजी दहा वाजता आली. सुनेसोबत नाही, एकटीच, काठी टेकत. तिचं नाव टाकलं आणि पडद्यावर तिचे दोन्ही डोळे क्षणात उमटले. तिला वाट पाहावी लागली नाही. आपल्यासाठी कुणी तरी सकाळी आठ वाजता काही करून ठेवलंय, हे तिला कळलंही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. एवढा मोठा चमत्कार मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

परतीच्या गाडीत मी काय ठरवलं असेल? तुम्ही असता तर काय ठरवलं असतं? मी ठरवलं होतं की सोमवारी सगळ्यांना सांगायचं. शपथेवर ठरवलं होतं. सोमवारी सकाळी फक्त एक खात्री म्हणून माझी ती सोय गुपचूप बंद केली. अकोल्याच्या रेघेत तसूभर फरक पडला नाही. उलट किंचित सुधारणाच झाली. आणि ते बरोबरच होतं. माझी सोय रजिस्टरात शेजारी असलेली पानं उचलून आणत होती, पण रजिस्टरात शेजारी असलेली माणसं दवाखान्यात शेजारी येतात थोडीच? माझा सर्व्हर नको त्या नोंदी आणून मेमरीत कोंबत होता आणि मंदाताईंनी गरम करून ठेवलेल्या बाहेर ढकलत होता. मी त्यांच्या कामात खोडा घालत होतो आणि त्यांच्या कामाचा आलेख स्वतःच्या नावानं लावून बसलो होतो.

मग सोमवारी सांगितलं का? नाही. म्हटलं, थोडं अजून मोजून बघू. मग म्हटलं, दिवाळी होऊन जाऊ दे. मग म्हटलं, वार्षिक बैठकीनंतर, म्हणजे नेमणूक झाल्यानंतर. सोय मात्र परत चालू करून ठेवली, कारण अहवालात ती चालू आहे असं लिहिलं होतं.

आणि तेवढ्यात तपासणी आली.

बाहेरची माणसं होती, दर्जाचं प्रमाणपत्र द्यायला आलेली. त्यांनी नोंदवही पाहिली आणि मी पाहिलं होतं तेच पाहिलं — एक कारकून बाई रोज दीड-दोनशे पेशंटांच्या नोंदी विनाकारण उघडते. दुर्दैव असं, की त्याच दिवसांत पेशंटांच्या घरी कुठल्या तरी चष्म्याच्या दुकानातून फोन जात होते, आणि आमच्याकडून कुणी तरी नंबर पुरवतंय असा संशय होता. दोन आणि दोन चार झाले. मंदाताईंना अकोल्याच्या प्रशासकांनी बोलावलं. तिथं काय झालं ते मला तिथल्या शिपायानं नंतर सांगितलं. चार माणसांसमोर त्यांना विचारलं, नंबर किती जणांना विकले. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अमरावतीच्या सरांले इचारा. ते माह्या बाजूले बसून पाहून गेले. त्याइले सगळं माहीत हाये."

माझं नाव सांगितलं त्यांनी. साक्षीदार म्हणून.

मला पत्र आलं. साधं, सभ्य पत्र. सदर कर्मचाऱ्यानं नोंदी उघडण्यामागे काही तांत्रिक कारण आहे काय, हे कळवावे. पत्र दोन दिवस माझ्या टेबलावर होतं. मी त्याच्यावर चहाचा कप ठेवला नाही, त्याच्यावर फाइल ठेवली नाही, ते जसं आलं तसं समोर ठेवलं होतं. उत्तर मला पाठ होतं. तांत्रिक कारण आहे, एवढंच नव्हे तर गेल्या कित्येक महिन्यांत या दवाखान्यात झालेलं सगळ्यांत मोठं तांत्रिक काम या बाईनं केलेलं आहे. हे लिहिलं की माझा अहवाल फाटला. टाळ्या परत. त्या म्हाताऱ्या विश्वस्तांना सांगावं लागलं असतं की मशीनला काही कळत नव्हतं हो, अकोल्याच्या मंदाताईंना कळत होतं. वार्षिक बैठक आठ दिवसांवर होती.

तिसऱ्या दिवशी मी लिहिलं — तांत्रिक कारण आढळत नाही.

बघा, मी "नाही" असं लिहिलं नाही. "आढळत नाही" लिहिलं. तेवढी फट ठेवली होती स्वतःसाठी, की उद्या कुणी पकडलं तर म्हणता यावं, तेव्हा आढळलं नव्हतं. मी घाबरट तर आहेच, पण घाबरण्यातही किती हुशार आहे ते यावरून कळावं.

मंदाताईंवर काही सिद्ध झालं नाही, होणार तरी काय होतं? पण त्यांचा पासवर्ड बंद केला आणि त्यांना खिडकीवरून उचलून कपड्यांच्या कोठीत टाकलं. ऑपरेशनचे हिरवे कपडे मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे. येणारी-जाणारी माणसं त्यांच्याकडे बघून आपसात बोलायची, हेच त्या नंबर विकणाऱ्या. सहा-सात महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. दुकानाचे फोन त्या गेल्यावरही पेशंटांच्या घरी जातच होते. ते कुणी तरी दुसरंच होतं. पण ही गोष्ट एकदाही कुणी मोठ्यानं बोलून दाखवली नाही. मीही नाही.

मी प्रमुख झालो.

आता पुढचं. हे सांगायची मला त्या ओळीपेक्षाही जास्त लाज वाटते. मंदाताई खिडकीवरून गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी अकोल्याची रेघ कोसळली. डॉक्टरांचे फोन. विभागप्रमुखानं काही तरी करायला हवं होतं. मी काय केलं, तर नोंदवहीतून मंदाताईंनी आजवर कोणत्या दिवशी कोणाच्या नोंदी उघडल्या ते सगळं बाहेर काढलं. गाव, वार, महिना, ऑपरेशनची तारीख लावून त्याचं कोष्टक केलं. आणि रोज सकाळी पावणेआठला आपोआप चालणारा एक प्रोग्राम लिहिला, जो त्या कोष्टकावरून आज कोण येईल याचा अंदाज बांधतो आणि त्या नोंदी एकदा उघडून बंद करतो. वेळसुद्धा त्यांचीच. याला अहवालात मी "सुधारित प्रीफेचिंग" म्हटलं. पुन्हा टाळ्या.

ते कोष्टक करताना मी जे पाहिलं ते तुम्हांला कसं सांगू? शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा असतो ना, तसा अख्खा अकोला जिल्हा माझ्यासमोर उलगडत गेला. बाजार, गाड्या, पेरणी, वेचणी, लग्नाच्या तिथी, सगळं त्या बाईच्या बोटांतून उतरलेलं होतं. एका आठवड्यात एका गावच्या नोंदी अजिबात उघडलेल्या नव्हत्या. मी शोधलं, तर त्या गावचा पूल वाहून गेला होता. तिला ते कळलं होतं. कुणाला तरी विचारलं असेल, किंवा कुणी न विचारता सांगितलं असेल. मी रात्री जेवताना घास हातात धरून थांबायचो. बायको विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही, कामाचं."

माझा प्रोग्राम आजही चालतो. बरा चालतो. पण त्याला पूल वाहून गेलेला कळत नाही, आणि कुणाची सून माहेराहून आली तेही कळत नाही. मंदाताईंच्या वीसातली सतरा यायची. माझ्या वीसातली आठ-नऊ येतात. अकोल्याच्या खिडकीवर उरलेल्यांसाठी चक्र फिरतं.

इथपर्यंतचं सांगून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण परवा-परवाचं सांगायचं राहिलंय.

परवा म्हणजे याच उन्हाळ्यात. अमरावतीला आमच्याच नोंदणी खिडकीवर काही अडलं म्हणून मी खाली गेलो होतो. खिडकीवरच्या मुलीच्या मागे उभा होतो. समोर एक बाई डोळ्यांवर पदराची सावली धरून उभी. मुलीनं नाव टाकलं आणि चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. ही नोंद माझ्या प्रोग्रामनं सकाळी उघडलेली नव्हती. का उघडेल? मंदाताई आज येतील हे माझ्या कोष्टकात कुठं होतं?

"थांबा मावशी, सर्व्हर स्लो आहे," मुलगी म्हणाली.

"होते बाई," मंदाताई म्हणाल्या. "पयल्यांदा उघडाले टाइम लागतेच. सकाळीच एकडाव उघडून ठेवत जा, मंग अडत नाई."

मग त्यांनी मला पाहिलं. चष्मा नवीन होता, पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पांढरा दिसत होता. त्यांना मला ओळखायला थोडा वेळ लागला आणि मग त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं होतं, कधी भेटल्याच तर तोंड फिरवतील. बोलतील. थुंकतील. कित्येक वर्षं त्याची तयारी करून ठेवली होती मी. त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली. त्या दिवशी भाकर खाताना मी आईचं गुडघ्याचं दुखणं सांगितलं होतं, ते त्यांना आठवत होतं. लेकीकडे बडनेऱ्याला राहते म्हणाल्या, अकोल्याच्या दवाखान्यात जायला मन होत नाही म्हणाल्या. मग जरा जवळ आल्या आणि हळू आवाजात, जणू मलाच धीर देत असल्यासारखं म्हणाल्या —

"सर, त्या टायमाले तुमाले कोनी इचारलंच नसन, नाई का? मी त सांगतलं होतं, सरांले इचारा म्हनून. इचारलं असतं त मामला तेथीच मिटला असता."

बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या डोळ्यानं त्यांना माझा चेहरा कितीसा दिसत असेल? खिडकीवरची मुलगी होती, रांगेत तीन-चार माणसं होती. एक शब्द पुरेसा होता. एवढ्या वर्षांनी तो एक शब्द त्यांच्या तेवढाच कामाचा होता, आणि माझं तर आता काही जाणार नव्हतं.

"नाही मंदाताई," मी म्हणालो. "कुणीच विचारलं नाही."

त्यांनी मान हलवली. मोठा श्वास सोडला. "मले वाटलंच होतं," म्हणाल्या. तेवढ्यात त्यांची नोंद उघडली, मुलीनं चिठ्ठी दिली, आणि त्या भिंतीला हात लावत लावत बाकड्याकडे गेल्या.

मला विचारलं होतं. एकदा पत्रानं, एकदा त्यांनी स्वतः. दोन्ही वेळा मी खोटं बोललो.